मदत हवी आहे: विमान मिळालं पण उडतच नाही

तापीकाठ: विमानात बसतो, चालूही होतं, पण वर उठत नाही. नुसतं पाण्यावर पळतं. सगळी बटणं दाबून झाली. लवकर सांगा, आमच्या चोपड्याला लाईटचा भरवसा नाही.

भुसावळ_आउटर: गेम कोणता? मोबाइल की कॉम्प्युटर?

केळीबाग_रावेर: भाऊ, बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि टाकी गळ्यापर्यंत भरू नका. फवारणीचा ड्रोन आमच्याही बागेत असाच बसला होता. पंख्यात केळीच्या पानाची चिंधी अडकलेली निघाली.

भुसावळ_आउटर: काका, तो गेमचं विचारतोय.

तापीकाठ: फायनल फँटसी. अजून काय सांगू?

भुसावळ_आउटर: सोळा भाग आहेत भो त्याचे!

तापीकाठ: सातवा. जुनाच, मोबाइलवर. सिड पायलटचं गुलाबी विमान.

धुळे_मिरची: टायनी ब्रोंको. ते उडणारच नाही. रॉकेट टाऊनमधून निघताना गोळ्या लागून ते समुद्रात पडलं, तेव्हा काय टपटप दाबत पुढे गेलास? आता ती होडी समज. नदीतून आणि उथळ पाण्यातून जाते, खोल समुद्रात नाही. उतरायचं तर किनाऱ्याला लाव.

अमळनेरकर: विमानाच्या भानगडीत पडूच नका. सोनेरी चोकोबो पाळा, स्वारीचा मोठा पक्षी. डोंगर, नदी, समुद्र, कुठंही जातो.

धुळे_मिरची: आणि पैदास कशी करणार? त्याला आधी हायविंड लागतं, ते मोठं हवाई जहाज. ते दुसऱ्या डिस्कवर मिळतं.

तापीकाठ: मोबाइलमध्ये डिस्क कुठे?

भुसावळ_आउटर: अरे, पुढची गोष्ट का फोडताय?

धुळे_मिरची: १९९७ चा गेम आहे, काय फोडायचं राहिलंय! आणि हायविंडही फक्त गवतावर उतरतं. जंगलात, डोंगरावर नाही. तेव्हा रडत येऊ नको.

अमळनेरकर: म्हणूनच म्हणतो, चोकोबो.

तापीकाठ: भो, मला की-स्टोन पाहिजे. जाऊ कुठे ते सांगा ना कोणी!

भुसावळ_आउटर: हे आधी सांगायचं ना! गोंगागा गावाजवळ किनाऱ्याकडे एकटं घर आहे, शस्त्रं विकणाऱ्याचं. त्याने तो दगड गोल्ड सॉसर नावाच्या जत्रेच्या मालकाला, डिओला विकलाय. आधी त्या शस्त्रवाल्याशी बोल, मग नॉर्थ कोरेलहून रोपवेने वर जा. वुटाई गावाकडे मात्र आत्ता फिरकू नको. युफी ही तुझ्या टोळीतली पोरगी सोबत असेल तर सगळं मटेरिया, म्हणजे जादूचे गोळे, घेऊन पसार होते. परत मिळतं, पण तोवर डोकं फिरतं.

केळीबाग_रावेर: पंखा तपासला का?

तापीकाठ: घर सापडलं, डिओचंच नाव सांगितलं. आता रोपवेने वर आलो तर दारावर तिकीट मागताहेत.

धुळे_मिरची: एका वेळचे ३,००० गिल, कायमच्या पासचे ३०,०००. पास घे, तिथं परत परत जाणं होतं. आणि आत जाण्याआधी सेव्ह कर, लाईटचं तूच म्हणालास.