मदत हवी आहे : मुलांना उत्तर आधीच माहीत असेल तर प्रयोग कसा करून घ्यायचा?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत राहते. दर शनिवारी दुपारी सहावी-सातवीची काही मुलं प्रयोग करायला घरी येतात. सगळी चुणचुणीत, सहावीतली बरीचशी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची तयारी करणारी. अडचण अशी की त्यांना सगळं आधीच येतं. हळदीच्या कागदाला साबण लावायच्या आधीच दोघं-तिघं ओरडतात, "आम्लारी आहे, लाल होणार!" कागद लाल होतो आणि तिथंच प्रयोग संपतो.

मागच्या वेळी मात्र एक गोष्ट घडली. एका मुलीच्या घरी हळदीची शेती आहे. लाल झालेल्या कागदावर लिंबू पिळून तो पुन्हा पिवळा करता करता तिनं विचारलं, "ताई, कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात घातला की जातो. मग आमची हळद शिजवून इतके दिवस उन्हात वाळत घालतात, तिचा रंग का जात नाही?"

सगळे गप्प. मग जी चर्चा पेटली! एक म्हणाला, शिजवल्यानं रंग पक्का होतो. दुसरी म्हणाली, वरचा रंग जातच असणार, पण पॉलिश करताना तो थर निघून जातो. कुणीतरी हरिपूरची पेवं काढली : जमिनीखाली हळद ठेवायचे ती अंधारासाठीच का? अशी चर्चा मला दर शनिवारी हवी आहे.

पण संध्याकाळी एकानं मोबाइलवर शोधून ग्रुपवर टाकलं : "हळदीतलं कर्क्युमिन प्रकाशानं विघटित होतं." बाकीच्यांनी होकाराचे अंगठे टाकले. विषय संपला.

आता हे पुन्हा कसं उघडू? रंग किती उडाला हे घरच्या घरी मोजायचं कसं? आणि "याचा परीक्षेला उपयोग काय" असं विचारणाऱ्या पालकांना काय सांगू? प्रयोगाची आखणी मुलांनीच करावी असं मला मनापासून वाटतं, पण त्यांना किती धरून ठेवायचं आणि किती सोडायचं हे कळत नाही.

प्रतिसाद (सातारा)

ताई, प्रश्न फार सुंदर आहे, सोडू नका. त्या मुलाचं वाक्य खोडू नका, त्यालाच ते सिद्ध करायला लावा. ऊन म्हणजे प्रकाश आणि उष्णता दोन्ही. मग रंग नेमका कशानं जातो? मुलं स्वतःच काहीतरी झाकायला निघतील. नाहीच सुचलं तर एवढंच विचारा, "काळ्या कागदाखाली हळदीच्या कागदाची पट्टी जास्त तापेल, तरीही पिवळी राहिली तर?"

मोजण्यासाठी हळद स्पिरिटमध्ये विरघळवा, पाण्यात ती नीट विरघळत नाही. (स्पिरिट तुम्हीच हाताळा, जवळ गॅस नको.) तो द्राव दरवेळी निम्मा पातळ करत जा आणि प्रत्येक वेळी कागदाची एक पट्टी रंगवा. या पट्ट्या बंद डब्यात ठेवा. उन्हातली पट्टी त्यांच्याशी ताडून पाहिली की "तिसऱ्या नंबरइतकी फिकी" असं म्हणता येतं.

मग खरा प्रश्न. अख्खं हळकुंड, मोडलेलं हळकुंड आणि पूड शेजारी शेजारी उन्हात ठेवा. आधी प्रत्येकाकडून अंदाज कारणासकट लिहून घ्या आणि उत्तर मात्र तुम्ही सांगू नका. शेवटी अख्खं हळकुंड फोडून आत बघायचं काम त्या मुलीला द्या.

पालकांना सांगा, होमी भाभात लेखीनंतर प्रात्यक्षिक असतं आणि पुढं कृतिसंशोधनाचा प्रकल्पही. तिथं पाठांतर पुरत नाही.

धागाकर्ती

खूप आभार सर. काळ्या कागदाचं मला सुचलंच नसतं. शिजवल्यानं रंग पक्का होतो म्हणणाऱ्यासाठी न शिजवलेल्या हळदीचे कापही ठेवते, ते त्या मुलीच्या घरून मिळतील. पॉलिश न केलेली हळकुंडं मात्र हवी आहेत. मार्केट यार्डात कुणाची ओळख असेल तर कळवा, मूठभर पुरतील.