बेडसोअर होतो तो सिस्टर मोबाइल बघते म्हणून नाही

नाइटवाली:
काल इथे एकाने लिहिलं, 'वडिलांना नऊ दिवसांत बेडसोअर (एकाच कुशीवर पडून पडून होणारी जखम) झाला. सिस्टर काउंटरला मोबाइल बघत होत्या. असल्यांना घरी बसवा.' नाइट उतरून आले तरी डोळा लागेना, म्हणून लिहितेय.

सरकारी मेडिसिन वॉर्ड. खाटा 40, पेशंट 58, अठरा जण खाली गादीवर. आम्ही दोघी. मेडिकल कॉलेजला निकष तीन खाटांमागे एक सिस्टर. पाळ्यांत वाटून धरलं तरी चौघी हव्यात. स्वतः कूस न वळवता येणारे अकरा. दर दोन तासांनी वळवायचं तर बारा तासांत 66 वेळा, दर वेळी दोघी आणि पाच मिनिटं. झाले साडेपाच तास. इंजेक्शनं, सलाईन, नवीन अ‍ॅडमिशन कोण बघणार? इंजेक्शन राहिलं तर डॉक्टर सगळ्यांसमोर झापतात. तोंड पुसायचं, भरवायचं, धरून चार पावलं चालवायचं राहिलं तर कोण विचारतं? मग तेच राहतं.

मोबाइलवर रेसिडेंट डॉक्टरला रिपोर्ट पाठवत असतो, महाराज.

खडूस_काका:
रडगाणं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्याच नर्स अरुणा शानबाग तिथे जवळपास 42 वर्षं अंथरुणाला खिळलेल्या होत्या, एक बेडसोअर नाही. सुप्रीम कोर्टाच्या 2011 च्या निकालातसुद्धा कौतुक आहे सिस्टर्सचं. तेव्हा जमलं ते आता का नाही?

नाइटवाली:
काका, ती एकटी होती, आपल्यातलीच होती, आणि अख्ख्या केईएमच्या सिस्टर्स तिच्यामागे होत्या. माझ्याकडे अकरा आहेत.

आकडेबाज:
लॅन्सेट, 2014, युरोपातले नऊ देश. नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशनचा पेशंट अ‍ॅडमिट झाल्यापासून 30 दिवसांत दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते. मोबाइलचा मुद्दाच नाही.

खडूस_काका:
युरोपात बेडपॅन द्यायला वॉर्डातली मावशी, म्हणजे आया, पन्नास रुपये मागत नाही. आईच्या वेळी चार दिवसांत किती गेले, त्याचा हिशोब आहे माझ्याकडे.

ब्रदर_ऑन_ड्युटी:
मावशीचं मावशीला विचारा. आणि सगळे 'सिस्टर, सिस्टर' काय लावलंय? केंद्राने 2016 लाच नर्सिंग ऑफिसर केलंय. सात वर्षं नोकरी झाली, अजून मिशीकडे बघून लोक 'ओ सिस्टर' म्हणतात.

तिरकी_मान:
ऑफिसर म्हटलं की कूस आपोआप वळते का?

ब्रदर_ऑन_ड्युटी:
मान मिळाला तर माणसं टिकतात, मॅडम. आमच्या बॅचचे निम्मे आखातात गेले.

तिरकी_मान:
पगारासाठी गेले, नावासाठी नाही. माझी मावसबहीण मस्कतला आहे, तिथेही तिला 'सिस्टर'च म्हणतात.

ब्रदर_ऑन_ड्युटी:
मग तुमच्या घरी इंजिनिअरला 'ओ मिस्त्री' म्हणा की!

खडूस_काका:
मिस्त्री निदान काम करतो.

नाइटवाली:
काका, एक नाइट या. चहा माझ्याकडून.

नऊ_दिवस:
ती पोस्ट माझी. पदनामाचं तुमचं चालू द्या. बाबांना पॅरालिसिसचा झटका आला होता, वॉर्ड प्रायव्हेट होता, बिल भरून. शेजारच्या स्टुलावर मी रात्रभर जागा. अकरा ते पाच कुणी हात लावला नाही. सकाळी चार्टवर 12, 2, 4 ला 'पोझिशन चेंज्ड', एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेलं. माणसं कमी आहेत, मान्य. मग कोरं सोडा ना! मला वाटलं असतं राहिलंय, मी वळवलं असतं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग पहिल्यांदा मला अंघोळ घालणाऱ्या मावशीने दाखवला. तिने पैसे मागितले नाहीत, काका.

आकडेबाज:
चार्ट ऑडिटसाठी असतो. कोरा रकाना दिसला की मेमो.

नऊ_दिवस:
वा. म्हणजे मेमो नको म्हणून बाबांची पाठ.

नाइटवाली:
तशी टिक मीही केलीय. एकदा नाही. मोबाइलचं तुम्ही चुकीचं लिहिलंत, टिकचं बरोबर. आणखी काय लिहू?

नऊ_दिवस:
काही नको. जखम भरायला सव्वा महिना लागला. चार्टची झेरॉक्स आहे अजून माझ्याकडे.

ब्रदर_ऑन_ड्युटी:
मस्कतला नेमकं कुठलं हॉस्पिटल, मॅडम?