बाबांसोबत बघायला कोरियन मारधाड पिक्चर सुचवा (अजॉशी सोडून, भुतं नकोत)

गोदाकाठचा पम्या
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात एका कोरियन पिक्चरने डोकं धरलंय. ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’, २०१० चा, तिकडचं नाव ‘अजॉशी’. चार वेळा बघून झाला. हिरो एका कळकट इमारतीत गहाणवटीचं दुकान चालवतो, केस डोळ्यांवर, कुणाशी बोलणं नाही, आणि शेजारची शाळकरी पोरगी त्याच्याकडे येऊन बसते कारण घरी आई नशेत. पोरगी त्याच्या नखावर रंगवत बसते आणि हा गपचूप रंगवू देतो. बास, एवढ्यावर पुढचा सगळा राडा उभाय. एकदा तिच्यावर चोरीचा आळ येतो तेव्हा ती चारचौघांत ह्याच्याकडे बोट दाखवते की हे माझे बाबा, आणि हा मान फिरवून निघून जातो. तो सीन एकदा बघितला की नंतर पोरीला गुंड उचलतात तेव्हा तो दारं फोडत का सुटलाय ते कुणी सांगावं लागत नाही.

तर आता मुद्दा. शनिवारी आईबाबा चांदवडहून येतायत. बाबा ब्रूस लीच्या काळातले, मारामारी म्हटलं की खुर्ची पुढे ओढतात. पण अडचणी अशा:
डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, सबटायटल भरभर वाचता येत नाहीत.
दोन तासांच्या वर नको, साडेदहाला झोपतात.
आई त्याच खोलीत असणार, त्यामुळे घाणेरडं काही नको.
भुताखेताचं नको.
अजॉशी दाखवला असता पण त्यात लहान मुलांचं जे दाखवलंय ते आईला सोसायचं नाही. असाच दुसरा सुचवा.

दोन कटिंग
ओल्डबॉय. डोळे मिटून.

सातवा मजला लिफ्ट बंद
ओल्डबॉयला +१. पार्क चॅन-वूक, २००३, फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री मिळालेला. बोळातली हातोड्याची मारामारी एका सलग शॉटमध्ये आहे, कॅमेरा बाजूने सरकत राहतो, तीन दिवस लागले त्याला आणि सतरा टेक. हिरो शेवटी खरंच दमलेला दिसतो कारण खरंच दमलाय. आपल्याकडे एका ठोशात माणूस टपरीवर जाऊन पडतो, इथे पाठीत सुरा घेऊन माणूस धापा टाकत लढतो.

कडकलक्ष्मी
अहो थांबा!! आईवडलांबरोबर ओल्डबॉय?? तुम्ही दोघांनी शेवट बघितलाय ना? मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासऱ्यांबरोबर लावला होता, नवऱ्यानेच सुचवलेला, "मस्त सस्पेन्स आहे" म्हणून. शेवटच्या अर्ध्या तासात सासरे उठून गॅलरीत गेले, ऊन असताना, आणि तुळशीला पाणी घालत बसले. तुळशीला सकाळीच घातलेलं होतं. आज इतकी वर्षं झाली त्या दिवसाचा विषय आमच्या घरात निघत नाही. पम्या, काहीही लाव, हा लावू नकोस.

दोन कटिंग
हा तो मुद्दा आहे. पण पिक्चर म्हणून बघायला हवा माणसाने. जिवंत ऑक्टोपस खातो त्यात, आणि तो नट बौद्ध आहे, प्रत्येक वेळी ऑक्टोपसची माफी मागून खाल्लाय म्हणे.

पंचगंगा पैलवान
ते ऑक्टोपस बिक्टोपस राहूदे. मा डोंग-सॉक बघा मा डोंग-सॉक. ‘द आउटलॉज’, २०१७. ह्यो गडी म्हंजे आमच्या तालमीतला वस्ताद वाटतोय, मान न्हाईच, खांद्यावर डायरेक डोकं ठेवलंय. बुक्की कमी, थप्पड जास्त. गुंडाला कानाखाली देतोय आणि समोरचा कोसळतोय. आमच्या वडलांनी बघितला, सबटायटल एक अक्षर वाचलं नाही, तरी हसून हसून खोकला लागला. ह्यो माणूस आधी अमेरिकेत फायटर लोकांचा ट्रेनर हुता, नुसतं जिममध्ये फुगवलेलं अंग न्हाय ते.

सातवा मजला लिफ्ट बंद
आउटलॉज म्हणजे तोच ना ज्याच्यावरून सलमानचा राधे काढला? २०२१ चा?

पंचगंगा पैलवान
त्याचं नाव काढू नका सकाळसकाळी.

बीटाऊन बंड्या
अवांतर पण राहवत नाही म्हणून. अर्धं हिंदी थ्रिलर कोरियातून आलंय. ‘मोंटाज’चा तीन झाला, ‘सेव्हन डेज’चा जज्बा, ‘द टेरर लाइव्ह’चा धमाका. हे रीतसर हक्क घेतलेले. न विचारता उचललेले वेगळेच, त्यांची यादी केली तर पम्याच्या बाबांची झोपायची वेळ होईल.
आणि पम्याच्या अजॉशीचा रॉकी हँडसम, २०१६, जॉन अब्राहम. दिग्दर्शक आपला निशिकांत कामत! डोंबिवली फास्टवाला. आणि त्यात मुख्य व्हिलन पण तोच झालाय. म्हणजे मराठी माणसाचा पिक्चर आहे, हिंदीत आहे, सबटायटलची भानगडच नाही. तोच लाव की.

म्हापशाची मिर्ची
रॉकी हँडसमवाल्यांनी सगळी गोष्ट गोव्यात आणून टाकली. ड्रग म्हटलं की गोवा, गुंड म्हटलं की गोवा. सोलमधल्या गल्ल्या एवढ्या काळ्याकुट्ट आणि इकडे मागे समुद्र चमकतोय, कसला थ्रिलर. आमच्याकडे संध्याकाळी आठला दुकानं बंद होतात ते एक कोणी दाखवत नाही.

कडकलक्ष्मी
कामत मात्र भारी माणूस होता. २०२० ला फार लवकर गेला. डोंबिवली फास्टमधला माधव आपटे बघून माझे बाबा दुसऱ्या दिवशी रांगेत घुसणाऱ्याशी भांडून आले होते.

बीटाऊन बंड्या
तेच म्हणतोय मी, कामतचा पिक्चर आहे तर मान द्या.

दोन कटिंग
मान कामतला, रॉकी हँडसमला नाही. जॉन गप्प असतो तेव्हा गप्प असलेला जॉन वाटतो. अजॉशीचा हिरो वॉन बिन गप्प असतो तेव्हा आत काहीतरी जळतंय असं वाटतं. आरशासमोर स्वतःचे केस स्वतः कापतो तो सीन दोन्हीकडचा शेजारी शेजारी लावून बघा मग बोला.

रांजणगाव शिफ्ट बी
मी रांजणगावला कोरियन कंपनीत आहे, सात वर्षं झाली, त्यामुळे दोन गोष्टी खात्रीने सांगतो. एक, ‘अजॉशी’ म्हणजे आपलं काका. नात्यातला काका नाही, रिक्षावाले काका, दुकानवाले काका असतात तसला परका मध्यमवयीन माणूस. इंग्रजी नावात ते सगळं गेलं. पोरगी त्याला पूर्ण पिक्चरभर काका म्हणते आणि तो तिचा कुणीच लागत नाही, तीच तर गोष्ट आहे. आमचा लाइनवरचा कोरियन साहेब म्हणाला की पिक्चर आला तेव्हा तिकडच्या बायका म्हणायच्या असला कुठे काका असतो, वॉन बिन तेव्हा ३२ वर्षांचा आणि तसला देखणा. त्या वर्षी तिकडे सगळ्यात जास्त चाललेला कोरियन पिक्चर होता हा. आणि त्यानंतर वॉन बिनने एकही पिक्चर केलेला नाही. एकही नाही.
दुसरी गोष्ट, लोक विचारतात की कोरियन पिक्चरमध्ये बंदुका सोडून सुऱ्या हातोडे कुऱ्हाडी का. कारण तिकडे सामान्य माणसाला बंदूक मिळतच नाही, शिकारीची असली तरी पोलीस चौकीत जमा ठेवायची. आणि प्रत्येक धडधाकट पुरुषाला सैन्यात काढावी लागतात वर्षं, त्यामुळे गहाणवटवाला माणूस अचानक लढायला लागला तर तिकडच्या प्रेक्षकाला आपल्याइतकं नवल वाटत नाही.

पंचगंगा पैलवान
पण अजॉशीत हिरोकडं बंदूक हाय की. शेवटी गाडीच्या काचेवर एकाच जागी गोळ्या घालतोय, बुलेटप्रूफ काच, पुन्हा तिथंच पुन्हा तिथंच

सातवा मजला लिफ्ट बंद
अरे!! स्पॉयलर!! मी अजून बघितला नाहीये.

पंचगंगा पैलवान
पंधरा वर्षं झाली की वो पिक्चरला.

ह्यूस्टनची सोनकी
मी एकटीच ह्या धाग्यावर पम्याचा प्रश्न वाचलाय असं वाटतंय. ट्रेन टू बुसान लाव. ११८ मिनिटं, दोन तासांच्या आत. सोलहून बुसानला जाणारी फास्ट ट्रेन, बाप आणि छोटी मुलगी, डब्यात संसर्ग पसरतो. कोण कुणाचं कोण हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं, वाचायची गरज नाही. आमच्याकडे आईला दाखवला, ती इंग्रजी वाचत नाही, तरी शेवटी पदर डोळ्याला. पैलवान ज्यांचं कौतुक करतायत ते मा डोंग-सॉकही त्यात आहेत.

गोदाकाठचा पम्या
ताई पण त्यात भुतं आहेत ना? वर लिहिलंय मी.

ह्यूस्टनची सोनकी
झॉम्बी म्हणजे भूत नव्हे.

म्हापशाची मिर्ची
मेलेला माणूस उठून चावत असेल तर आमच्याकडे त्याला भूतच म्हणतात.

ह्यूस्टनची सोनकी
भूत मेल्यावर येतं. झॉम्बी आजारी असतो. ताप आलेला, रेबीज झालेला माणूस समजा.

दोन कटिंग
रेबीज झालेल्याला बाबा झोपायच्या आधी बघणार का?

कडकलक्ष्मी
एक कामाचं सांगते, वादात राहून जाईल. पम्या, टीव्हीच्या ॲपमध्ये सबटायटलची सेटिंग असते. अक्षर मोठं करता येतं, रंग पिवळा करायचा आणि मागे काळी पट्टी लावायची. माझ्या आईच्या दोन्ही डोळ्यांचं झालंय, तिला पांढरी अक्षरं पसरलेली दिसायची, पिवळी बरोबर वाचते. आणि खोलीतला ट्यूबलाइट डोळ्यासमोर येणारा असेल तर बंद कर, मागचा दिवा चालू ठेव. पिक्चर कुठलाही लाव, हे आधी कर. आणि वाटलं तर ‘मेमरीज ऑफ मर्डर’ लाव, बॉंग जून-हो, पॅरासाइटवाला.

सातवा मजला लिफ्ट बंद
मेमरीज ऑफ मर्डर मारामारीचा नाहीये. दोन तासांच्या वर पण आहे. पण काय पिक्चर आहे. खऱ्या खुनांवर बेतलेला, पिक्चर २००३ ला आला आणि खरा खुनी ओळखला २०१९ ला, तोवर तो दुसऱ्याच गुन्ह्यात तुरुंगात बसलेला. पिक्चरचा शेवटचा शॉट मग परत बघितला मी, अंगावर काटा आला. बाबांना आवडेलच.

बीटाऊन बंड्या
इंडोनेशियाचा ‘द रेड’ कोणी सुचवला कसा नाही? मारामारी म्हणजे ती.

रांजणगाव शिफ्ट बी
कारण धागा कोरियन आहे. पण एक धागा जुळतो, अजॉशीतली शेवटची सुऱ्याची फाइट आग्नेय आशियातल्या विद्यांवरूनच बसवली, फिलिपिन्सची काली आणि इंडोनेशियाची सिलाट. म्हणून तिथे हात लांब फेकत नाहीत, समोरच्याचं मनगट, कोपर, काख असं जवळजवळ चिकटून कापत जातात. आणि समोरचा तो मारेकरी, थाई नटाने केलेला. पोरगी त्याच्या कपाळावर बँडेड चिकटवते आठवतं का, मला ती फाइट त्या बँडेडमुळे लक्षात राहिली. आणि खिडकीची उडी, हिरो काच फोडून खाली जातो आणि कॅमेरापण मागोमाग उडी मारतो, कट नाही.

सातवा मजला लिफ्ट बंद
स्पॉयलर!!!

पंचगंगा पैलवान
तुम्ही बघून तरी टाका वो एकदा, आम्हाला मोकळं बोलूद्या.

म्हापशाची मिर्ची
त्या पोरीचं काम केलेली किम से-रॉन २०२५ च्या फेब्रुवारीत गेली, जेमतेम चोवीस वर्षांची. तेव्हापासून मला तो पिक्चर परत लावायचं धाडस होत नाही.

कडकलक्ष्मी
हो ना.

ह्यूस्टनची सोनकी
पम्या, शनिवार झाला. काय लावलंस? ट्रेन लावलीस ना?

गोदाकाठचा पम्या
नाही ताई. सगळ्यांचे आभार आणि सगळ्यांची माफी.

आधी आउटलॉज लावणार होतो, पण दुपारी एकट्याने थोडा चाळला तर कुऱ्हाड आणि हात वगैरे दिसलं, पैलवान तुम्ही हे सांगितलं नाहीत. ट्रेनचं पोस्टर बाबांनी बघितलं आणि म्हणाले हे आजारी लोक कशाला दाखवतोस. रॉकी हँडसम लावला, खरंच लावला, बंड्याच्या शब्दाखातर, वीस मिनिटांत बाबांनी पेपर उचलला.

मग काय सुचलं माहीत नाही, अजॉशीच लावला. अक्षर पिवळं आणि मोठं केलं (कडकलक्ष्मी, हा सल्ला सोन्याचा) पण बाबांना तरी वेळ पुरेना, मग मीच बाजूला बसून मराठीत बोलायला लागलो. "बाबा, ती विचारतेय काका तुम्हाला मी आवडत नाही का." असं पंचवीसेक मिनिटं चाललं. मग ते चोरीच्या आळाचं आलं, हिरो मान फिरवून निघाला, मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा म्हणाले, गप्प बस, कळतंय मला.

तिथून पुढे मला बोलूच दिलं नाही. मुलांचे सीन आले तेव्हा मी रिमोट घेऊन तयार होतो पण आई नेमकी भात बघायला आत गेलेली. आपणहून गेली की मुद्दाम ते विचारलं नाही. सुऱ्याच्या फाइटला बाबांची खुर्ची टीव्हीपासून हातभर अंतरावर होती, ऑपरेशनवाला डोळा विसरून. मागे घ्या म्हटलं तर म्हणाले तू गप्प बस म्हटलं ना. संपायला पावणेअकरा. झोपताना एवढंच म्हणाले की त्या माणसाने चोरीच्या वेळीच पोरीला हो म्हटलं असतं तर. पुढे काही बोलले नाहीत.

आज सकाळी विचारत होते ह्या नटाचा दुसरा कुठला आहे. शिफ्ट बी म्हणतात त्यानंतरचा एकही नाही, हे अजून सांगितलेलं नाही.

रांजणगाव शिफ्ट बी
त्याच्या आधीचे आहेत की. ‘मदर’ आहे, २००९ चा, बॉंग जून-हो. मारामारी नाही पण.

कडकलक्ष्मी
मदर आईंबरोबर नको!! आधी स्वतः बघ.

निवांत नारू
धागा पूर्ण वाचला नाही, वेळ नाही. आईवडलांबरोबर बघायचा असेल तर ओल्डबॉय लावा, फॅमिली विषय आहे.