मदत हवी आहे: भोपळ्यातल्या म्हातारीच्या चित्रपुस्तकाची छपाई

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट छापायची आहे. २४ पानं, ८ बाय ८ इंच, १७० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम वजन) मॅट कागद, मधोमध पिना, ३०० प्रती. ठाणे, वाशी किंवा तुर्भ्यात एवढ्या कमी प्रती मनापासून करून देणारा छापखाना कोणी सुचवेल का?

चित्रं सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या रंगांत), ३ मिमी ब्लीडसह (कापणीसाठी कडेला जास्तीचं चित्र) तयार आहेत. आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतली फाईल तशीच दिली की भोपळ्याचा झळझळीत केशरी मळकट उतरतो, आणि याच गोष्टीत तो बिघडून कसं चालेल! जाड कागद तंतूंच्या आडवा दुमडला तर घडीवर शाई तडकते. त्यामुळे आधी क्रीझिंग (घडीच्या जागी दाबून रेघ पाडणं) करणाराच हवा. छपाईआधी नमुना प्रत मिळेल ना, तेही कृपया कळवा.