मदत हवी आहे: १६३० चा सॅक्सनीचा थालर, कडी काढलेला की ओतीव नक्कल?

मंडळी, जुन्या युरोपीय नाण्यांतलं कळणारं कोणी इथे असेल तर जरा बघा.

मी ड्रेस्डेनला असतो. इथल्या एका विक्रेत्याकडे चांदीचा थालर, म्हणजे जुनं मोठं जर्मन नाणं आहे. लूथरपंथीयांनी २५ जून १५३० ला आउग्सबुर्गला सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर आपलं श्रद्धापत्र वाचलं, त्याच्या शताब्दीचा. एका बाजूला १६३० चा सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा) योहान गेओर्ग पहिला, खांद्याला तलवार टेकवून. दुसऱ्या बाजूला श्रद्धापत्रावर सही करणारा त्या वेळचा इलेक्टर योहान, भोवती ‘परमेश्वराचं नाव हा भक्कम बुरूज’ अशा अर्थाचं लॅटिन बायबलवचन. तारीख दोन्हीकडे २५ जून.

यातली गंमत म्हणजे हे दोघे एकाच घराण्याचे, पण एका शाखेचे नाहीत. १५४७ ला म्यूलबर्गच्या लढाईत या योहानचा मुलगा हरला आणि सम्राटाने त्याचं इलेक्टरपद काढून योहान गेओर्गच्या शाखेला दिलं. भाऊबंदकीत पद घेतलं आणि ८३ वर्षांनी त्यांचाच पूर्वज नाण्यावर मिरवला! म्हणूनच हे नाणं मला हवंय, नाहीतर इथे थालर पुष्कळ मिळतात.

आता अडचण. वजन भरलं २८.१ ग्रॅम. कलोनच्या एका मार्कात (हे तेव्हाचं वजनाचं माप), म्हणजे सुमारे २३३.८ ग्रॅममध्ये, असे आठ बसायचे. त्या हिशोबाने २९.२ हवं. वरच्या कडेला, डोक्याच्या थोडं वर, खडबडीत जागा आहे. कडी झाळून नंतर कानशीने घासून काढल्यासारखी. ही नाणी लोक गळ्यात घालत, तेव्हा त्यात नवल नाही. पण तेवढ्या घासण्याने एक ग्रॅम जाईल का? शिवाय भिंगाखाली अक्षरांच्या मुळाशी बारीक छिद्रं दिसतात आणि तलवारीची धार बोथट वाटते. कडेला साच्याच्या जोडाची रेघ मात्र सापडली नाही.

पाण्यातलं वजन घेऊ द्यायला विक्रेता तयार आहे. चांदी साधारण ८८९ ची (हजारात ८८९ भाग शुद्ध), म्हणजे घनता १०.३ च्या आसपास यावी. पण नक्कल त्याच मिश्रणात ओतली असेल तर ही चाचणी काय कामाची?

छिद्रं ओतकामाची की जुन्या गंजाची, हे कशावरून ओळखायचं? आणि खरं निघालं, तर कडीच्या खुणेपायी किंमत किती पाडून मागावी?

‘नाणं घासू नका’ हे माहीत आहे, ते सोडून सांगा. फोटो पहिल्या प्रतिसादात टाकतोय, विक्रेता शनिवारपर्यंत थांबणार आहे.