पेशी, स्नायू आणि लयकारिका: कुठला शब्द कशासाठी?

माझी मुलगी नववीत आहे. इंदूरला असलेल्या जाऊबाईंची मुलगीही नववीतच, पण ती हिंदी माध्यमात. दिवाळीत दोघी विज्ञानाची पुस्तकं घेऊन बसल्या आणि पाच मिनिटांत भांडण. आमची म्हणे, शरीर पेशींचं बनलेलं असतं. ती म्हणे, वेडी का तू, पेशी तर दंडात असते! तिच्या पुस्तकात पेशी म्हणजे आपला स्नायू. आणि 'स्नायु' म्हणजे दोन हाडांना एकत्र बांधणारा पट्टा. आपल्या पेशीला ते लोक कोशिका म्हणतात. शब्द सगळे संस्कृतातलेच, मग कोण चुकतंय?

---

ताई, कोणीच चुकत नाही. पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, हा घोळ दरवर्षी एकदा तरी निघायचाच.

सुश्रुतसंहितेत शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचा लांबट गोळा आणि स्नायू म्हणजे बांधणारा, दोरीसारखा भाग. म्हणजे जुन्या अर्थाला जवळची आहे ती तुमची इंदूरची पुतणी. बंगालीत तर स्नायू म्हणजे मज्जातंतू. एकाच शब्दाचे तीन शेजारी भाषांत तीन अवयव झाले.

मराठीने स्नायू हा शब्द मांसाला दिला, पेशी मोकळी झाली आणि ती 'सेल'साठी घेतली. रॉबर्ट हुकने १६६५ साली बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्याला कप्पे दिसले, म्हणून त्याने 'खोली' या अर्थाचा शब्द वापरला. त्या हिशेबाने कोशिका जास्त जुळतो, हे कबूल. आपल्या मराठी विश्वकोशातही नोंद 'कोशिका' अशीच आहे आणि ऊतीला, म्हणजे 'टिश्यू'ला, एकसारख्या पेशींच्या समूहाला, 'ऊतक' म्हटलं आहे. पण शाळेच्या पुस्तकांनी पेशी आणि ऊती धरून ठेवले आणि शेवटी तेच रुजले.

गंमत बघा, स्नायूमधला एक सेल म्हणजे मराठीत 'स्नायुपेशी' आणि हिंदीत 'पेशी कोशिका'. दोन्ही आपापल्या घरात बिनचूक. घोळ होतो तो बातम्यांमध्ये. हिंदीवरून घाईत उतरवलेल्या मजकुरात 'खेळाडूच्या मांसपेशींना दुखापत' येतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की दुखापत सूक्ष्मदर्शकाखाली बघायची आहे.

---

सर, कोशिका आता परत आणायचा म्हटलं तरी शक्य नाही. पेशी हा शब्द डेंग्यूने घरोघर पोचवला आहे. पावसाळ्यात कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर बसा, "काकांच्या पेशी वीस हजारांवर आल्या" हे ऐकू येणारच. आता ते बोलत असतात प्लेटलेट्सबद्दल, आणि प्लेटलेट ही पूर्ण पेशी नव्हेच, मज्जेतल्या एका मोठ्या पेशीचा तुटलेला तुकडा. पुस्तकात त्याला रक्तपट्टिका असा चांगला शब्द आहे, पण तो बाकापर्यंत कधी आला नाही. मी स्वतः लॅबमध्ये काम करते, तरी आईला फोनवर "पेशी वाढल्या" असंच सांगितलं.

---

माझा प्रश्न जरा वेगळा. मी तबला शिकतो. मुलाच्या पुस्तकात 'लयकारिका' वाचलं आणि पेशीत ताल धरणारं काहीतरी असणार असं समजून चाललो. निघालं लायसोसोम! कचरा पचवणारी पिशवी! हा शब्द कोणी केला असेल त्याने कधी लयकारी ऐकली नव्हती का?

---

हा हा. उत्पत्ती, स्थिती, लय यातला लय आहे तो, दीडपट-दुपटीचा नव्हे. क्रिस्तियान द दुव याने १९५५ साली लायसोसोम हे नाव दिलं, त्यात विरघळवणे हा अर्थ आहे आणि मराठी शब्दानेही तोच पकडला. अर्थाने चोख, कानाला फसवा.

काही शब्द मात्र दोन्हीकडे चोख बसले. मायटोकाँड्रियन हे ग्रीकमध्ये दोरा आणि कण, म्हणून तंतुकणिका. मायटोसिस, म्हणजे एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होणं, त्यातही तोच दोरा, म्हणून सूत्री विभाजन. ऊती तर फारच सुरेख: इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही विणकाम आणि संस्कृत ऊतीतही विणकाम, आपल्या 'ओतप्रोत'च्या कुळातलं. गुणसूत्राने तर मूळ नाव सोडूनच दिलं. क्रोमोसोम हे नाव १८८८ सालचं, अर्थ 'रंगणारं शरीर', कारण रंग टाकला की ते उठून दिसे. गुजरातीने रंगसूत्र ठेवलं. आपण रंग काढून गुण घातला, आणि माझ्या मते बरं केलं. रंग आपण टाकतो, गुण त्याचे स्वतःचे आहेत.

चिडायचंच तर 'अर्धगुणसूत्री विभाजन' यावर चिडा, म्हणजे मायोसिस, शुक्राणू आणि अंडं या बीजपेशी बनवणारं विभाजन. हा शब्द वाचून मुलांना वाटतं की प्रत्येक गुणसूत्र मधोमध कापलं जातं. अर्धी होते ती संख्या. माणसाच्या पेशीत ४६ असतात, बीजपेशीत २३ उतरतात, आणि ती तेवीसही अख्खी. मी फळ्यावर 'अर्ध' आणि 'गुणसूत्री' यांच्या मध्ये 'संख्येने' असं खडूने घुसवायचो. परीक्षेत दोन-तीन पोरं तेच लिहून यायची, मी मार्क द्यायचो.

---

मी जनुकांच्या नोंदींचं काम करते, म्हणून थोडी भर. हा गोंधळ मराठीपुरता नाही. पेशीत प्रथिन बनण्याला इंग्रजीत संशोधकांचा एक गट 'ट्रान्सलेशन' लिहायचा, दुसरा त्याच गोष्टीला 'प्रथिन संश्लेषण' म्हणायचा, आणि संगणकाला ती दोन वेगळी कामं वाटायची. उलटंही होई: 'बड' म्हणजे यीस्टवर येणारा फुगवटा, झाडाची कळी आणि दाताचा अंकुरही. म्हणून १९९८ साली फळमाशी, उंदीर आणि यीस्ट यांच्या जनुकांच्या नोंदी ठेवणारे गट एकत्र आले आणि जीन ऑन्टॉलॉजी सुरू झाली. तिच्या तीन शाखा: रेणू काय काम करतो, ते कुठल्या मोठ्या प्रक्रियेचा भाग आहे, आणि पेशीत कुठे घडतं. प्रत्येक संकल्पनेला एक क्रमांक, एक व्याख्या, एक मुख्य नाव; बाकीची नावं त्याखाली समानार्थी म्हणून. तंतुकणिकेचा क्रमांक ०००५७३९. नाव काहीही घ्या, क्रमांक हलत नाही.

बडच्या बाबतीत आपण पुढे आहोत बरं का. यीस्टला कलिकायन, हायड्राला मुकुलायन, असे दोन शब्द शिकवताना सर्रास चालतात. मुळात कलिका काय नि मुकुल काय, दोन्ही कळीच. पण वाटून दिल्यामुळे कामाला येतात. 'भाषांतरण'ही तसंच. शेवटच्या ण मुळे पुस्तकाचं भाषांतर वेगळं राहतं आणि आरएनएवरून प्रथिन बनणं वेगळं.

त्यामुळे नवे शब्द पाडण्यापेक्षा असलेल्यांतला एक मुख्य ठरवावा, बाकीचे खाली लिहावेत, आणि एका लेखात मध्येच बदलू नये. 'पेशी' ने सुरू करून तिसऱ्या परिच्छेदात 'कोशिका' लिहिणारे लेख तपासताना माझं डोकं उठतं. वाचणाऱ्याला वाटतं, या दोन निराळ्या वस्तू आहेत.

---

एक तरी नवा पाडू द्या की! 'ॲपॉप्टोसिस' हा शब्द १९७२ साली रूढ झाला. ग्रीकमध्ये तो झाडाची पानं गळण्यासाठी आहे. मराठीत 'नियोजित पेशीमृत्यू' लिहितात, वाचून सरकारी योजना वाटते. आपल्याकडे पानगळ हा इतका नेमका शब्द असताना 'पेशीगळ' का नको? बेडकाच्या पिल्लाची शेपूट नाहीशी होते, गर्भाच्या बोटांमधला पडदा जातो, ती पेशीगळच.

---

ऐकायला छान आहे. पण गळतीत वस्तू खाली पडते. इथे पेशी आतल्या आत आवरतं घेते, तुकडे होतात, आणि शेजारच्या पेशी ते खाऊन टाकतात. खाली काहीच पडत नाही. शिवाय केसगळतीच्या जाहिरातींनी त्या 'गळ'ची पार रया घालवली आहे. लेखात एकदा समजवायला जरूर वापरा, शब्दकोशात घालायला माझं मत नाही.

---

सगळ्यांचे आभार. सरांचा प्रतिसाद दोघींना वाचून दाखवला. पुतणीने लगेच '५०० पेशी' हे वहीत लिहून घेतलं, आमच्या लेकीला चिडवायला. आमचीने पेशीगळ तेवढा उचलला आणि विचारतेय, परीक्षेत लिहिला तर मार्क मिळतील का. सर, तुम्ही आता पेपर तपासत नाही ना, म्हणून 'नाही' सांगितलं.