मदत हवी आहे: कोलेस्टेरॉल वाढलंय, खापर अंड्यावर फुटलंय

नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. ह्यांचं वय 49. ऑफिसच्या तपासणीत रिपोर्ट आला: एकूण कोलेस्टेरॉल 248, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 162, एचडीएल (चांगलं) 38, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) 240. डॉक्टर म्हणाले, तीन महिने खाणं सांभाळा, मग पुन्हा तपासू. नाही उतरलं तर गोळी. सांभाळा म्हणजे काय, तर "तेल-तूप कमी, बाहेरचं बंद". तेवढ्यात पुढचा पेशंट आत आलासुद्धा.

घरी सासूबाईंनी लगेच निकाल दिला: अंडी! हे रविवारी दोन अंड्यांचं ऑम्लेट खातात, तेही गॅलरीत, वेगळ्या तव्यावर. तो तवा माळ्यावर गेला आणि रोग सापडल्याच्या आनंदात सगळे पुन्हा सेव खायला बसले.

मला काही पटेना. आठवडाभर ह्यांचं खाणं-पिणं वहीत लिहिलं. सकाळी पोहे, वर जीरावन मसाला आणि मूठभर सेव. दुपारी वरण-भात, त्यावर तूप. ऑफिसात चारला कचोरी किंवा समोसा. रात्री पोळी-भाजी, त्यातून दोनदा सेव-टमाटर. चहा दिवसाला चार वेळा, इंदुरी पद्धतीचा, म्हणजे पाणी नावाला. झोपताना पेलाभर दूध. शनिवारी सराफा, म्हणजे आमचा रात्रीचा खाऊबाजार: भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटिस, थंडीत गराडू (तळलेला कंद), वर शिकंजी (बाहेरच्यांसाठी: आमची शिकंजी लिंबाची नसते, आटवलेल्या दुधाची असते). रविवारी पोह्यांबरोबर जलेबी. महिन्यातून दोनदा मित्रांबरोबर 'बसणं', ते मी वहीत लिहिलेलं त्यांना आवडलेलं नाही.

प्रश्न असे. ह्यातलं खरं गुन्हेगार कोण? तेल कुठलं वापरू, सोयाबीनच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलंय ते पुरे का? ओट्स खायलाच हवेत का? ह्यांना ती लापशी पोटिस लावल्यासारखी वाटते. आणि एक कबुली: आदल्या रात्री साडेअकराला आम्ही सराफ्यातच होतो, रक्त सकाळी आठला दिलं. आकडे त्यामुळे फुगलेत का?

गराडूप्रेमी
ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण मीही हीच सबब देऊन बघितली होती. रात्रीच्या खाण्याने ट्रायग्लिसराइड्स वाढतात, 240 मधले काही सराफ्याचे असू शकतील. पण बहुतेक लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशोबाने काढतात: एकूणातून एचडीएल वजा, मग ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा. 248 मधून 38 आणि 48 गेले, राहिले 162. तुमचा आकडा तंतोतंत जुळतोय! म्हणजे ट्रायग्लिसराइड्स कमी असते तर एलडीएल थोडं जास्तच आलं असतं. सबब बाद.

पुढच्या वेळी बारा तास पोट रिकामं ठेवा. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) केलं नसेल तर तेही करून घ्या, थायरॉइड मंदावलं की एलडीएल चढतं. आणि घरात कोणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल तर ते डॉक्टरांना आत्ताच सांगा, तीन महिने थांबू नका.

जीरावन
अंड्याला जामीन द्या. एका बलकात दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं हे खरं, पण शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच बनवतं. एलडीएल वाढवण्यात मोठा हात सॅच्युरेटेड फॅटचा, म्हणजे तूप, साय, पाम तेल, खोबरं ह्यांत जास्त असते त्या चरबीचा. आठवड्याला दोन अंडी तुमच्या वहीतली सगळ्यात निरागस नोंद आहे. 'कोलेस्टेरॉल फ्री' वर जाऊ नका, कुठल्याच वनस्पतीच्या तेलात ते जमेस धरावं इतकं नसतं. सोयाबीन तेल चांगलंच आहे, फक्त मोजून, आणि तळणीचं उरलेलं पुन्हा तापवायचं नाही. सेवेच्या पाकिटामागे मात्र बघा. पाम तेल किंवा पामोलीन लिहिलेलं असेल तर बेसन बिचारं निर्दोष आहे, तेल नाही. खोपऱ्यातली चरबीही बहुतेक सॅच्युरेटेडच.

ट्रायग्लिसराइड्सचे आरोपी वेगळे: जलेबी, गोड शिकंजी, मैदा आणि ते 'बसणं'. दारूने ते चांगलेच चढतात.

बडोद्याची सून
माझं माहेर इंदूरचं, रामबागेतलं, म्हणून हक्काने लिहिते. सगळे कढईकडे बघतायत, पातेल्याकडे कोणाचं लक्ष नाही. दूध फुल क्रीम आहे ना? त्यात 6 टक्के फॅट. चार चहा आणि रात्रीचा पेला मिळून अर्धा लिटर धरलं तर 30 ग्रॅम, म्हणजे सहा चमचे तूप पोटात, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त सॅच्युरेटेड. 2000 कॅलरीच्या आहारात सॅच्युरेटेड फॅट दिवसाला 22 ग्रॅमच्या आत ठेवायचं असतं. 18 तर चहा-दुधातच गेले. डबल टोन्ड घ्या, त्यात दीड टक्काच असतं. चहा चार दिवस पांचट लागेल, मग जीभ विसरते.

ओट्सची सक्ती नाही. विरघळणारा तंतू हवा, तो जवात, राजम्यात, हरभऱ्यात, भेंडीत, पेरूतही असतो. इसबगोल तर तुमच्या नीमचच्या मंडीतही येतं. भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं, आणि औषधांपासून दोन तास लांब.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं वाचून काल दिवसभर दूध मापाच्या भांड्याने मोजलं. एकट्या ह्यांच्या पोटात साडेसहाशे मिली! सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "पण साय तर मी रोज काढून घेते." क्षणभर मलाही बरं वाटलं. मग आठवलं, ती साय विरजून त्याचंच तूप कढवलं जातं, आणि तेच दुपारी वरणावर येतं.

टीएसएच सोमवारी. ऑम्लेटचा तवा खाली आलाय, पण अजून घासलेला नाही. डबल टोन्ड दूध आणलं की साय धरणार नाही, आणि साय नाही म्हणजे घरचं तूप नाही. हे सासूबाईंना कोणत्या शब्दांत सांगू, तेवढं कोणी सुचवा.